नंदाच्या चाळीस जोड्या, त्यांतल्या अकरा माझ्या

नंदे, तू गेलीस त्याला आज दीड महिना झाला, आणि मी अजून तुझ्यावर जळूनच राहिले आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी कुठं वाईट बोलते? मी भांडते आहे. बावीस वर्षं नांदेड ते भोकर रोज अप-डाऊन केलं, किनवटच्या एसटीत शेजारी बसून रोज भांडलो, आणि तू भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलीस. ही कुठली रीत?

उदगीरला तुला माती द्यायला आले होते. तुमच्या लिंगायतांत मयताला बसवून नेतात हे मी ऐकून होते, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, नवी हिरवी साडी, आणि तू ताठ बसलेली. इतकी ताठ बसलेली तुला मी जन्मात पाहिली नव्हती. वर्गात तू टेबलावर चढून बसायचीस आणि हेडसर व्हरांड्यात दिसले की टुणकन खाली उतरायचीस. मला सारखं वाटत होतं, आता डोळे उघडशील आणि म्हणशील, "सुजे, तोंड कामून पाडलंस? ये, बस इथं."

केवढ्या पोरी आल्या होत्या तुझ्या! भोकरहून जीप करून, लातूरहून, हैदराबादेहून. कुणाच्या काखेत लेकरू, कुणाच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. रडत होत्या आणि रडता रडता एकमेकींना तुझ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या सांगत होत्या. "आठवते का गं, मॅडमनं शेड अन् शॅडो कसं शिकवलं होतं?" त्यांतल्या एकीनं मला पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही पण आमच्याच शाळेत होतात ना?"

पण! दहावीला वर्षभर त्या पोरीच्या वहीत मी लाल शाई ओतली, तिला इंग्रजीत बहात्तर मार्क पडले, आणि मी 'पण'. शिवाय शेड-शॅडो माझं होतं. तुझ्यासाठी डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्याच डोळ्यांनी मी त्या पोरीकडं खाऊ का गिळू बघत होते. नंदे, असं रडणं कुणावर येऊ नये.

जोड्यांचं खूळ पहिल्यांदा कुणाच्या डोक्यातून निघालं, यावरही आपलं एकमत झालं नाही. तू म्हणायचीस तुझ्या, मी म्हणायची माझ्या. पण रीत दोघींची होती. सकाळी गाडीत बसलं की इंग्रजीतले असे दोन शब्द धरायचे, ज्यांचा अर्थ गाईडात एकच छापलेला असतो आणि पोरी एकाच्या जागी दुसरा घालून मार्क घालवतात. मग आपल्या भागातलं असं उदाहरण शोधायचं, की ऐकलं की फरक डोक्यात बसलाच पाहिजे. भोकर यायच्या आत जिला सुचेल ती जिंकली. आणि जिंकली कुणी का असेना, शाळेत गेल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात "आजची जोडी" म्हणून लिहायचीस तू. कारण आठवी-नववी तुझ्याकडं. माझ्याकडं दहावी. माझ्या फळ्यावर बोर्डाच्या पेपरातले प्रश्न, तिथं कोपरा रिकामा कुठला?

शेड-शॅडो भोकरच्या स्टँडवर सुचलं होतं मला, मे महिन्यात, पेपर तपासायला जात होतो तेव्हा. मी म्हटलं होतं, "बघ, विजेच्या खांबाची पडते ती शॅडो. तिच्यात शेळीसुद्धा बसणार नाही. लिंबाची पडते ती शेड, तिच्यात आख्खी वरात बसते." तू टाळी दिलीस. जूनमध्ये शाळा भरली आणि तू नववीच्या पोरींना भर उन्हात मैदानात नेलंस, एकीला खांबाच्या सावलीत उभं केलंस आणि बाकीच्यांना लिंबाखाली बसवून विचारलंस, "काय गं, गार वाटतंय का?" सगळी शाळा खिडक्यांतून बघत होती. मी दहावीला पॅसेज शिकवत होते, माझ्या पोरीही खिडकीकडं. परतीच्या गाडीत मी तणतणले तेव्हा तू काय म्हणालीस? "अगं, पेरलं तू, उगवलं माझ्या रानात. त्यात एवढं जळायला काय झालं?" वर पिशवीतून चिवडा काढून दिलास. मी तो खाल्ला. राग होता, पण भूकही होती.

मला जळायला काय झालं ते आज सांगते. माझे बाबा हिमायतनगरला सरकारी कचेरीत शिपाई होते. सातवीत असताना त्यांनी मला नांदेडहून एक जुनी डिक्शनरी आणून दिली. तिची पहिली चार पानं फाटलेली. ती डिक्शनरी मी पाठ केली, म्हणून इंग्रजीत ए वरून सुरू होणारे सुरुवातीचे शब्द मला अजून कच्चे आणि बाकीची एबीसीडी पक्की. आमच्या घरात इंग्रजी शिकणारी मी पहिली. एम. ए. झाले, फर्स्ट क्लास. आणि तू! उदगीरच्या कापडदुकानदाराची लाडकी लेक, बी. एड.ला सेकंड क्लास, स्पेलिंग अडलं की भर वर्गात "अय्यो" म्हणून पोरींनाच विचारणारी. तुझ्या तासाला पोरी पुढच्या बाकासाठी भांडायच्या. माझ्या तासाला मागच्या. शिक्षकदिनाला तुझ्या टेबलावर गुलाबांचा ढीग, माझ्या टेबलावर एक पेन, तेही वर्गणीतून. मला तुझा हेवा वाटायचा, नंदे. साधा, स्वच्छ, रोजचा हेवा.

तुला ते कळत होतं, हे तर आणखी वाईट. एकदा अर्धापूर फाट्याशी गाडी पंक्चर झाली, आपण खाली उतरून उभ्या होतो. तू मुद्दाम जोडी काढलीस, एन्व्ही आणि जेलसी. म्हणालीस, "दुसऱ्याजवळ हाय अन् माझ्याजवळ न्हाई, म्हणून पोटात दुखते ती एन्व्ही. माझ्याजवळ हाय, ते दुसरी पळवून नेती की काय, म्हणून दुखते ती जेलसी. तुला कोणती झालीय गं?" मी म्हटलं, "दोन्ही." पोरी तुझ्याकडं होत्या, त्याची पहिली. उदाहरणं माझी होती आणि ती तू नेत होतीस, त्याची दुसरी. तू इतकी हसलीस की टायर बदलणारा ड्रायव्हर वळून बघायला लागला. ती जोडी तू वर्गात मात्र कधी घेतली नाहीस. मी वाट पाहिली. नाही घेतलीस.

आणि अलोन-लोनली. ती जोडी तुझीच, त्यावर माझा हक्क नाही. पण ती आली कुठून हे त्या रडणाऱ्या पोरींना माहीत नव्हतं. तुझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं उदगीरला. मी नवी साडी नेसून आले होते. मांडवात शेजारच्या बाईंनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग त्या जराशा सरकून बसल्या. जराशाच. पंगती उठत होत्या, बसत होत्या, मला कुणी विचारेना. तू करवली, तुला श्वास घ्यायला सवड नव्हती. तरी कुठून पाहिलंस कुणास ठाऊक. दोन ताटं घेऊन आलीस, भरजरी शालूसकट माझ्या शेजारी सतरंजीवर बसलीस आणि तुझ्या काकूंनी दोनदा हाक मारली तरी जागची हलली नाहीस. "जेवून राहिले, येते," म्हणालीस. त्या दिवशी हूंसुद्धा बोलली नाहीस त्यावर. पुढच्या आठवड्यात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलंस आणि पोरींना सांगितलंस, "घरात कुणी न्हाई, आपला आपण चहा केला अन् पाय पसरून पिला, ती अलोन. मांडवात पाचशे माणसं अन् जेवलीस का म्हणून कुणी विचारेना, ती लोनली." मला दहावीच्या वर्गापर्यंत तुझा आवाज आला. तेव्हा वाटलं, हिनं माझं दुखणंसुद्धा उचलून वर्गात नेलं. आज वाटतं, दोन ताटं घेऊन येणारी तू एकटीच होतीस. आता कुणी आणायची?

बरं, मुख्य भांडणाकडं येते. डिनाय आणि रिफ्यूज. मराठीत दोन्हींना नाकारणंच म्हणतात, म्हणून घोळ. तुझं म्हणणं, रिफ्यूज म्हणजे हळू नाही आणि डिनाय म्हणजे जोरात नाही. पाहुण्यांकडं चहा आला, नको म्हटलं, ते रिफ्यूज. त्यांनी परत आग्रह केला, हात आडवा धरून ठाम नको म्हटलं, ते डिनाय. नंदे, हे साफ चूक होतं. मी तुला शंभरदा सांगितलं. मांजरीसमोर दूध ठेवलं, तिनं तोंड फिरवलं, ते रिफ्यूज. दूध पिऊन टाकलं आणि वर मिशा पुसून बसली, मी नाहीच प्याले म्हणून, ते डिनाय. एक पुढं आलेल्या गोष्टीला नाही म्हणणं, दुसरं झालेल्या गोष्टीला. आवाजाचा संबंधच नाही. तू ऐकलं नाहीस. वर्षानुवर्षं पोरींना तेच शिकवलंस, आणि त्या दहावीला माझ्याकडं आल्या की मी खोडून काढायची. तुझं निस्तरणं हाच माझा अभ्यासक्रम होता.

शेवटच्या शनिवारी परतीच्या गाडीत तू एकदम नवा मुद्दा काढलास. मुदखेड मागं पडलं होतं. तू पिशवीतून तुझा रजेचा अर्ज काढलास, परत आलेला, त्यावर शिक्का: लीव्ह डिनाइड. माझ्या नाकासमोर धरून म्हणालीस, "रजा मागितली, न्हाई म्हणले. जोरातच म्हणले. इथं कामून डिनाइड लिवलं? हे काय तुझ्या मांजरीनं लिवलं का?" गाडीतल्या माहूरहून परतणाऱ्या बायासुद्धा हसल्या, त्यांना काय कळलं देव जाणे. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. उतरताना तू म्हणालीस, "सोमवारी सांग."

रविवारी दुपारी बाबांची डिक्शनरी काढली. डिनायखाली पहिला अर्थ माझा होता. दुसराही माझाच. तिसरा होता, मागितलेली गोष्ट न देणं. नंदे, तुझ्या शिक्क्यापुरतं तुझं खरं होतं. चहाचं चूकच, पण शिक्क्याचं खरं. मी डिक्शनरी मिटली आणि मनाशी ठरवलं, हिला सांगायचं नाही. इतकी नाचेल की भोकरपर्यंत मला गाडीत बसू देणार नाही. राहू दे आठवडाभर. सोमवारी नेहमीप्रमाणे खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या, आणि गाडी सुटायच्या आधी तुझ्या मिस्टरांचा फोन आला. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्याच्या पायरीपर्यंतच पोचलीस म्हणाले. मी रुमाल उचलला नाही. तशीच उतरले.

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही. तुझ्या पोरींनी ठरवलं, शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर तुझ्या जोड्या रंगवायच्या. अस्मानं जिम्मा घेतला. तीच अस्मा, जी तुझ्या तासाला वहीत तुझंच चित्र काढायची. आता बोर्ड रंगवण्याचं दुकान आहे तिचं. तिनं जुन्या पोरींकडून आठवून आठवून चाळीस जोड्या जमवल्या आणि यादी घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, "मॅडम, एकदा नजरेखालून घाला. नंदा मॅडमच्या नावानं लिवायचंय, कायबी चुकायला नको."

मी लाल पेन घेऊन बसले. वर लिहिलेलं: नंदा मॅडमच्या जोड्या. तिसरीच शेड-शॅडो. सहावी माझी. नववी माझी. हिअर-लिसन माझी. मोजल्या, चाळिसांतल्या अकरा माझ्या. सांगायचं होतं अस्माला. तोंडापर्यंत आलं. पण काय सांगू? मेलेल्या मैत्रिणीच्या यादीतून आपला वाटा वेगळा काढून द्या म्हणू? लोक शेण घालतील तोंडात. गिळून टाकलं. आणि मग एकतिसावी आली. डिनाय, जोरात नाही. रिफ्यूज, हळू नाही.

पेन तिथं थांबलं. एक रेघ मारायची होती. अस्मा चहा पीत होती. मला वाटलं, अकरा माझ्या घेऊन गेलीस ना? मग ही तुझी अस्सल, हीसुद्धा राहू दे तुझ्या नावानं. बघू दे लोकांना, शहाणी कोण होती ते. मी पान उलटलं, शेवटी सही केली, तपासलं म्हणून लिहिलं. अस्मानं वाकून नमस्कार केला. नंदे, मी हे केलं. कुणी करायला लावलं नाही.

निळ्या ऑइलपेंटनं भिंत रंगली. कार्यक्रम झाला, तुझे मिस्टर आले, हेडसर बोलता बोलता गहिवरले. एकतिसाव्या ओळीसमोर उभं राहून लोकांनी फोटो काढले. एकालाही चूक दिसली नाही. मला वाटलं होतं, आत कुठंतरी थंड वाटेल. भिंतीकडं पाठ करून मी हातातला पेढा शेजारच्या पोरीला देऊन टाकला.

तुझा नववीचा वर्ग मला दिला आहे. घटक चाचणी घेतली, त्यात दोन्ही शब्दांचं वाक्य विचारलं, मुद्दामच. सतरा पोरींनी लिहिलं, शी डिनाइड द टी. एकीनं तर लिहिलं, आय रिफ्यूज्ड द टी स्लोली. हळू नाही म्हणाली म्हणून स्लोली! मला हसू फुटलं, आणि हे तुला गाडीत सांगायचं म्हणून मी तो पेपर वेगळासुद्धा काढून ठेवला. मग लक्षात आलं.

भिंतीचं आधी सांगून टाकते. अस्माला बोलावून खरं काय ते सगळं सांगितलं. अकरांचंही. ती म्हणाली, "रंग उरलाय मॅडम, रविवारी पुसून नीट करते. अन् त्या अकरा तुमच्या नावानं लिवू का?" मी म्हटलं, थांब, विचार करते. अजून विचार करून राहिले आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तर वर्ग. पेपर वाटले. ती स्लोलीवाली पल्लवी उठली, कागद हातात घेऊन. "मॅडम, तुम्ही फुली मारली. भिंतीवर तर असंच हाय." मी म्हटलं, भिंतीवर चूक आहे. तिनं विचारलं, "म्हंजे नंदा मॅडम चुकल्या व्हत्या?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी बावीस वर्षं वाट पाहिली होती. आता पन्नास पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. हो म्हणायचं होतं, एवढंच. मी म्हटलं, "चुकल्या होत्या. पण यादी मी तपासली होती. चूक मला दिसली होती, मी खोडली नाही."

"कामून मॅडम?"

"जळत होते त्यांच्यावर."

मी फळ्याकडं वळले, मांजर काढली, दूध काढलं, मिशा काढल्या. फरक सांगितला. पोरी मिशांवर खुदकन हसल्या, वह्या काढल्या, माना घालून लिहून घेतलं. झालं. मी खडू हातात धरून उभी राहिले. विचारलं, कुणाला काही शंका? "न्हाई मॅडम," सगळ्या एका सुरात. परत विचारलं. परत तेच. माझं उदाहरण पहिल्यांदाच कुणी मधे न तोडता, वाद न घालता पुरं झालं होतं, आणि मला ते सोसवेना. अगं, असं कुणी जिंकतं का?

मग मीच मांजरीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, लीव्ह डिनाइड. विचारलं, "आणि हे? हे काय मांजरीनं लिहिलं का?" पोरी बावचळल्या. मी सांगितलं, "हा प्रश्न नंदा मॅडमचा आहे. डिक्शनरीत तिसरा अर्थ आहे, तिथं त्यांचं खरं होतं. मला ते कळलं होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही."

पोरींनी तेही वहीत उतरवून घेतलं, नंदे. शब्द न् शब्द.